यंदाचा हॅलोवीन: घरात आजी, दोन लहान मुलं. कसं जमवावं?

रारितानकाठ | १२ ऑक्टोबर २०२०

नमस्कार मंडळी,

आम्ही मध्य न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. नवरा, मी, तिसरीतली लेक, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. आई फेब्रुवारीत आल्या, मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि त्या इथेच राहिल्या. मुक्काम वाढवायचा अर्ज केला आहे. अडकलेल्यांना भारतात नेणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानाने त्यांना एकटं पाठवायला आमचाच जीव धजत नाही. वय ६९, मधुमेह जुना, आणि विमा फक्त प्रवासाचा. त्यामुळे घरातली प्रत्येक गोष्ट ठरवताना आधी त्यांचा विचार होतो. दुकानातही मी एकटीच जाते.

आता प्रश्न. ३१ तारखेला हॅलोवीन, मुलांनी वेश करून दारोदार खाऊ मागायचा सण, आणि त्या दिवशी शनिवार आहे. एरवी शनिवारी हॅलोवीन आला की मुलांना स्वर्ग दोन बोटं उरतो. आमचा रस्ता छोटा आहे, पुढे बंद होतो, गाड्यांची वर्दळ नाही. कोपऱ्यावर एक इटालियन आजी-आजोबा, त्यांच्या शेजारी गुजराती कुटुंब, समोर एक चिनी जोडपं आणि शेवटच्या घरात निवृत्त शाळामास्तरीण बाई. या बाई दरवर्षी प्रत्येक मुलाला चॉकलेटचा अख्खा बार देतात आणि कोण काय बनून आलं होतं ते पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात ठेवतात. माझी लेक ऑगस्टपासून वेशाचा विचार करत असते तो मुख्यतः त्यांना दाखवायला.

मार्चपासून तिने वर्गातल्या कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. शाळेची वेशभूषेची मिरवणूक रद्द झाली, त्याऐवजी झूमवर कार्यक्रम आहे. तिने सरळ सांगितलं, "गणपतीची आरती लॅपटॉपवर, वाढदिवस लॅपटॉपवर, आता भोंडलाही लॅपटॉपवर. हॅलोवीन नको लॅपटॉपवर." मला तिचं पटतं. म्हणून झूमचे पर्याय कृपया सुचवू नका.

सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सप्टेंबरात सूचना काढल्या आहेत त्या वाचल्या. दारोदार जाऊन नेहमीसारखं ट्रिक ऑर ट्रीट हे जास्त धोक्याच्या गटात घातलंय. बांधलेली पाकिटं ड्राइव्हवेच्या (घरापुढच्या गाडीवाटेच्या) टोकाला मांडून ठेवायची आणि मुलांनी लांबूनच उचलून पुढे जायचं, हे मध्यम धोक्याचं. घरच्या घरी भोपळा कोरणं, सजावट करणं, चालत जाऊन लोकांची सजावट लांबून पाहणं हे कमी धोक्याचं. आपल्या राज्याच्या आरोग्य खात्यानेही मोजकी घरं, घरच्याच माणसांबरोबर, बाहेरच्या बाहेर, असं सांगितलंय. म्हणजे बंदी नाही. लॉस एंजेलिस काउंटीने आधी बंदी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी ती "शिफारस करत नाही" इतकी सौम्य केली. थोडक्यात, निर्णय प्रत्येक घराने घ्यायचा आहे.

घरात ज्येष्ठ माणूस असलेल्यांनी काय ठरवलंय? आणलेल्या खाऊचं काय करता? वेशाचा मुखवटा आणि कापडी मास्क यांचा मेळ कसा घालता? आणि आईंना त्या संध्याकाळी कुठे बसवावं? त्यांना मुलांचे वेश बघायची फार हौस आहे. वरच्या खोलीत दार लावून बसा असं मला त्यांना सांगायचं नाही.

---

सातारकर_ओहायो | १२ ऑक्टोबर २०२०

आम्ही घरातल्या घरात खाऊशोध करतोय. पोरांना चिठ्ठ्या, एका चिठ्ठीत पुढच्या जागेचा पत्ता, शेवटी तळघरात अंधार आणि खाऊचा डबा. पण तुमच्या लेकीला शेजारी हवेत, हे वाचलं.

मग नळीचं बघा. आमच्या राज्यातल्या एका गृहस्थांनी पोर्चच्या कठड्याला सहा फुटी पुठ्ठ्याची नळी बांधली, वरून गोळी सोडायची, खाली मूल पिशवी धरून उभं. बातम्यांत बरंच दाखवलं. मी हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइप आणलाय. पुठ्ठ्याचं जमेल, पण पाऊस आला तर लगदा होतो. उतार नीट द्या, नाहीतर किटकॅट मधेच अडकतो. तोंडाशी कोपऱ्याचा तुकडा बसवला की खाऊ उडून लांब जात नाही.

---

निशापाळी | १३ ऑक्टोबर २०२०

रारितानकाठ, मी मिशिगनमध्ये नर्स आहे. एप्रिलमध्ये आमच्या मजल्यावर काय होतं ते इथे लिहीत नाही. एवढंच की तुमच्या सासूबाईंच्या वयाची, मधुमेह असलेली माणसं मी खूप पाहिली, आणि त्यांच्यासाठी तुम्ही इतक्या बारकाईने विचार करताय हे वाचून मला बरं वाटलं. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मला जमतील तशी देते.

धोका खाऊच्या वेष्टनात नाही, श्वासात आहे. बंद जागा, गर्दी, जवळ उभं राहून बोलणं, ओरडणं यातून हा रोग पसरतो. पोर्चवर दहा मुलं एकमेकांना ढकलत उभी राहतात, दार उघडतं, आतली माणसं वाकून बोलतात, तो क्षण टाळायचा. ड्राइव्हवेच्या टोकाला टेबल मांडलं की तो क्षणच उरत नाही. सीडीसीने सूचनांमध्ये एक वाक्य घातलंय की जिथे किंचाळणं होण्याची शक्यता आहे तिथे अंतर आणखी वाढवा. मोकळ्यावरच्या भुताटकीच्या खेळांबद्दल आहे ते, पण मुलं कुठेही किंचाळतात, म्हणून तुम्ही ते लक्षात ठेवा.

खाऊ घरी आल्यावर हात साबणाने वीस सेकंद धुवा, आणि खाताना पुन्हा धुवा. मनाच्या समाधानासाठी पिशवी रात्रभर बाजूला ठेवायची तर ठेवा. वेष्टनावर ब्लीच किंवा जंतुनाशक फवारू नका, ते पोटात जाणं जास्त वाईट. मुलं रस्त्यात खाणार नाहीत एवढं मात्र आधी कबूल करून घ्या, कारण खायचं म्हणजे मास्क खाली आणि न धुतलेला हात तोंडात.

वेशाचा प्लास्टिकचा मुखवटा हा मास्क नव्हे. त्याला श्वासासाठी भोकं असतात. आणि कापडी मास्कवर तो चढवू नका, मुलाला श्वास घ्यायला त्रास होतो. ज्या वेशात तोंडावर कापड शोभतं असा वेश निवडा किंवा वेशाच्याच कापडाचा मास्क शिवा. दोन-तीन जास्तीचे बरोबर ठेवा, थंडीत श्वासाने ओले होतात.

सासूबाईंना पोर्चवर बसवा. बाहेर, मास्क लावून, शाल पांघरून, टेबलापासून भरपूर लांब. मुलं ड्राइव्हवेच्या टोकाला थांबतात, त्या इकडून बघतात. मोकळ्या हवेत इतक्या अंतरावर मी माझ्या आईलाही बसवलं असतं. आत कुणालाही बोलवू नका, "पाच मिनिटं बाथरूम" साठीही नाही. आणि त्यांना फ्लूची लस दिली नसेल तर या आठवड्यात द्या.

---

मेघमल्हार | १३ ऑक्टोबर २०२०

निशापाळींना +१.

पाकिटं भरताना एक विनंती. माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. दरवर्षी आम्ही आणलेल्या खाऊतला अर्ध्याहून जास्त बाजूला काढतो. इथे निळसर हिरव्या रंगाचा भोपळा दारात ठेवायची पद्धत काही वर्षांपासून सुरू झाली आहे. त्याचा अर्थ, या घरी खाण्याशिवाय दुसरं काही मिळेल: पेन्सिल, स्टिकर, अंधारात चमकणारी बांगडी. यंदा पाकीट आधीच बांधलेलं असणार, मूल निवडू शकणार नाही. म्हणून दोन वेगळ्या टोपल्या ठेवा आणि मोठ्या अक्षरांत लिहा. एका पाकिटात रीसेस (शेंगदाण्याचं चॉकलेट) आणि स्किटल्स (शेंगदाणा नसलेल्या गोळ्या) एकत्र टाकू नका.

शाकाहारी घरांसाठीही सांगते: कँडी कॉर्न आणि स्टारबर्स्ट या गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. तुमच्या गुजराती शेजाऱ्यांना उपयोग होईल.

---

जुनेजर्सीकर | १३ ऑक्टोबर २०२०

माझी मुलं आता कॉलेजात आहेत, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

न्यू जर्सीच्या मुलांना बिघडलेले हॅलोवीन नवे नाहीत. २०११ साली २९ ऑक्टोबरला बर्फ पडला. झाडांवर पानं तशीच होती, त्यामुळे फांद्या बर्फाच्या वजनाने कडाकड मोडल्या, तारा तुटल्या आणि कित्येक गावांनी ट्रिक ऑर ट्रीट पुढे ढकललं. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला सँडी चक्रीवादळ आलं. आमच्याकडे वीज नव्हती, पेट्रोलला रांगा होत्या, खाली किनाऱ्यावर तर घरंच वाहून गेली होती. तेव्हा गव्हर्नर क्रिस्टींनी चक्क आदेश काढून हॅलोवीन ५ नोव्हेंबरला नेला. सोमवार होता. माझा धाकटा तेव्हा लहान होता. त्या संध्याकाळी शेजारी एकमेकांना खाऊ देता देता विचारत होते, तुमच्याकडे दिवे आले का, फ्रीजमधलं सगळं गेलं का, जनरेटर हवाय का. आम्ही त्या घरात चार वर्षं राहत होतो आणि निम्म्या लोकांची नावं मला त्या सोमवारी कळली.

म्हणून माझं मत असं की हा सण पूर्ण सोडू नका. लहान करा, वेळ अलीकडे घ्या, पण दिवा लावून बाहेर उभे राहा. १९१८च्या फ्लूच्या साथीतही अनेक शहरांनी हॅलोवीनच्या पार्ट्यांवर बंदी घातली होती, आणि ते योग्यच होतं, कारण पार्ट्या बंद खोल्यांत व्हायच्या. मोकळ्यावर अंतर ठेवून एकमेकांना हात करणं वेगळं.

आणि शेजाऱ्यांना आधी विचारा. एकट्या घराने केलं तर अर्धवट होतं. पण चिठ्ठ्या पत्रपेटीत टाकू नका, टपालतिकिटाशिवाय त्यात काही टाकणं कायद्याने चालत नाही. दाराच्या कडीला अडकवा.

---

दुर्वांकुर | १४ ऑक्टोबर २०२०

मनापासून विचारते, राग मानू नका. शनिवारपासून नवरात्र, २५ला दसरा, १४ नोव्हेंबरला दिवाळी. अधिक मास आल्याने सगळं यंदा उशिरा आणि एकापाठोपाठ आलंय. अशा वर्षी ज्येष्ठ माणसाचा जीव धोक्यात घालून हॅलोवीनच का? आपले सण घरात राहून साजरे होण्यासारखे आहेत. मुलांची समजूत काढता येते.

---

रारितानकाठ | १४ ऑक्टोबर २०२०

दुर्वांकुर, राग कसला, हा प्रश्न मला घरातही विचारला गेलाय. उत्तर जरा लांब आहे.

नवरात्र, दसरा, दिवाळी आम्ही करणारच आहोत. घट बसवायचे आहेत, आईंनी परडीसाठी माती आणि गहू काढून ठेवलेत. पण तुम्ही म्हणता तसं, हे सण यंदा घरात राहून होतील. आपली सगळी माणसं, मंडळ, मैत्रिणी वीस-तीस मैलांवर पसरलेल्या, त्यांच्याकडे जाणं यंदा नाहीच. माझ्या मुलांचं जग मार्चपासून या चार भिंती आणि हा रस्ता एवढंच आहे. आणि हा रस्ता ज्या एका संध्याकाळी मुलांना नावानिशी हाक मारतो, ती हॅलोवीनची संध्याकाळ.

मी इथे आले तेव्हा पहिली दोन वर्षं या रस्त्यावर कुणाशी बोलले नव्हते. थंडीत लोक गॅरेजमधून गाडीने बाहेर जातात, गॅरेजमध्ये परत येतात. लेक दीड वर्षाची असताना तिला भोपळ्याचा वेश घालून पहिल्यांदा दारोदार नेलं, आणि त्या रात्री मला शेजारी मिळाले. मास्तरीण बाईंनी तिला किती वेळ कडेवर घेतलं होतं. नवऱ्याला मध्यरात्री मूतखड्याने इस्पितळात न्यावं लागलं तेव्हा मुलीला सांभाळायला त्याच आल्या. या बाई सत्तरीच्या आहेत, एकट्या आहेत, त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात. मार्चपासून त्यांच्या दारात मी फक्त किराण्याचे खोके पाहते.

म्हणजे खाऊ मुख्य नाही. खाऊ मी दुकानातून आणून मुलांपुढे डोंगर रचू शकते. माझ्या मुलांनी शेजाऱ्यांना दिसावं आणि शेजारी मुलांना दिसावेत, एवढं मला या वर्षातून वाचवायचं आहे. ते दहा फुटांवरून होत असेल तर दहा फुटांवरून. आणि ते करताना आईंना धोका होणार असेल तर नाही करणार, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच इतके दिवस आधी इथे विचारलं.

निशापाळी, तुमचे आभार कसे मानू? पोर्चचं उत्तर मला सुचलंच नव्हतं. आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शाल कशाला, मी दोन स्वेटर घालते." मेघमल्हार, दोन टोपल्या नक्की. जुनेजर्सीकर, चिठ्ठ्यांचा मजकूर आज लिहिते.

---

निशापाळी | १५ ऑक्टोबर २०२०

दुर्वांकुरांची काळजी खरी आहे आणि मी ती रोज बाळगते. पण मला इस्पितळात घरच्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येतं ते एका शेवटच्या जेवणाबद्दल, एका वाढदिवसाबद्दल: बंद घरात, मास्कशिवाय, आपलीच माणसं म्हणून. घरात साजरं केलं म्हणजे सुरक्षित असं नाही. दिवाळीला चार घरची माणसं एका दिवाणखान्यात बसून फराळ करणार असतील, तर त्यापेक्षा रारितानकाठ यांचं ड्राइव्हवेचं टेबल कितीतरी सुरक्षित. हे मी दिवाळीसाठी आत्ताच सांगून ठेवते.

---

शरदचांदणे | १५ ऑक्टोबर २०२०

कुणी पंचांग पाहिलं का? ऑक्टोबरात यंदा दोन पौर्णिमा आहेत. १ तारखेची अधिक आश्विनाची होऊन गेली, ३१ची निज आश्विनाची. म्हणजे कोजागरी शुक्रवारी ३०च्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी हॅलोवीन, आकाशात पूर्ण चंद्र. अमेरिकेच्या सगळ्या टाइम झोनमध्ये हॅलोवीनला पौर्णिमा येण्याची ही १९४४ नंतरची पहिली वेळ म्हणतात, आणि पुढची २०३९ साली. शिवाय त्याच रात्री दोन वाजता घड्याळं एक तास मागे जाणार, रात्र एका तासाने मोठी.

शुक्रवारी मागच्या अंगणात आटीव दूध करा. तुमच्या सासूबाईंचा सण त्यांना मोकळ्यावर मिळेल आणि मुलांना दोन रात्री लागोपाठ बाहेर राहायला मिळेल. तो चंद्र आपल्या आणि त्यांच्या दोघांच्या सणाला पुरेल.

भोपळ्याबद्दलही सांगते, कारण आजी घरात आहेत म्हणजे घारग्यांचा विषय निघणारच. कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि तंतूंचा असतो, घारगे फसतात. घारग्यांसाठी लहान, पाय पम्पकिन म्हणून मिळतो तो घ्या. मोठ्याच्या बिया मात्र वाया घालवू नका: धुऊन, पुसून, मीठ-तिखट-तेल लावून ओव्हनमध्ये भाजा. कोरायचं काम बुधवार-गुरुवारच्या आधी करू नका, बुरशी येते आणि खारी तोंड खाऊन टाकतात. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा, मुलांच्या झग्यांना भीती नको.

---

रारितानकाठ | १ नोव्हेंबर २०२०

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं, काय झालं म्हणून. लिहिते.

चिठ्ठ्यांवर मी एवढंच लिहिलं होतं: आमच्या घरी ज्येष्ठ व्यक्ती आहे. आम्ही साडेचार ते सहा ड्राइव्हवेच्या टोकाला खाऊ ठेवू. तुम्हालाही असं करायचं असेल तर आमची मुलं तुमच्या ड्राइव्हवेपर्यंत येतील, दारापर्यंत येणार नाहीत. खाली फोन नंबर. चार घरांनी होकार कळवला. चिनी जोडप्याने नम्रपणे नाही म्हटलं, त्यांच्याकडे नवं बाळ आहे. त्यांनी खिडकीत दिवे लावू असं सांगितलं आणि खरंच, सगळ्यात सुंदर खिडकी त्यांचीच होती.

वेश आईंनी केले. लेकीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग व्हायचं होतं. सप्टेंबरात त्या गेल्या तेव्हापासून तिच्या मनात होतं. नवऱ्याचा पदवीदानाचा काळा झगा कापून लहान केला, आणि न्यायमूर्ती बाईंची ती प्रसिद्ध कॉलर आईंनी क्रोशाने विणली. पांढऱ्या दोऱ्याची, कडेला छोटे मणी. मास्क काळ्या कापडाचा, त्याच झग्यातून उरलेल्या तुकड्याचा. धाकट्याला कचऱ्याचा ट्रक व्हायचं होतं. मोठं खोकं, हिरवा रंग, पुढे दोन दिवे, खांद्यावरून पट्टे. या वेशाचा फायदा असा की त्याच्या दोन-अडीच फूट जवळ कुणाला येताच आलं नाही. ज्यांची मुलं अंतर विसरतात त्यांना मी पुढेही खोक्याचा वेश सुचवीन.

शुक्रवारी कोजागरी केली. दिवसभर ढग आणि गारठा, पण रात्री थोडा वेळ आभाळ उघडलं. आईंनी चारोळी घालून दूध आटवलं. शनिवारी मात्र आभाळ स्वच्छ होतं. ऊन असेतो मुलं बाहेर पडली आणि दिवे लागायच्या सुमाराला परतली. थंडी कडक होती, निशापाळींनी सांगितल्याप्रमाणे जास्तीचे मास्क उपयोगी पडले.

आमच्या ड्राइव्हवेवर दोन खांबांमध्ये दोरी बांधून तिला कपड्यांच्या चिमट्यांनी पाकिटं लटकवली. टेबलापेक्षा हे बरं पडलं, कारण मुलं एका ठिकाणी न घोटाळता दोरीच्या कडेने चालत गेली, प्रत्येकाने आपलं एक ओढून घेतलं. दोरीच्या एका टोकाला हिरवी-निळी पाकिटं, त्यात पेन्सिल आणि स्टिकर. मेघमल्हार, एक बाई गाडी थांबवून उतरल्या. त्यांच्या मुलीने आमच्या दोरीवरचं पाकीट लगेच, तिथल्या तिथे उघडलं, कारण त्यात तिला घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी माझे आभार मानले, ते खरं तर तुमचे.

आई पोर्चवर बसल्या होत्या, दोन स्वेटर आणि वर शालही. प्रत्येक मुलाला लांबून मोठ्याने विचारत होत्या, "हू आर यू?" मुलं तिथूनच ओरडून सांगत होती. एरवी मुलं दारात येतात, खाऊ घेतात, पळतात. काल अंतरामुळे त्यांना थांबावं लागलं, मोठ्याने बोलावं लागलं, गोल फिरून वेश दाखवावा लागला. पाठीवर चांदोबाएवढं हेल्मेट घेतलेल्या एका अंतराळवीराने तर आईंना पूर्ण मोहीम समजावून सांगितली. आईंचं इंग्रजी मोजकं आहे, तरी त्या माना डोलावत होत्या आणि तो बोलत होता.

मास्तरीण बाईंनी गॅरेजचं दार वर केलं होतं आणि आत खुर्ची टाकून मास्क लावून बसल्या होत्या. सजावटीचा कागद गुंडाळलेली लांब नळी त्यांनी शिडीला बांधली होती. लेक ड्राइव्हवेच्या टोकाशी उभी राहिली. बाईंनी कॉलर पाहिली आणि उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "युवर ऑनर." मग विचारलं ही कॉलर कुणी केली. लेकीने आमच्या पोर्चकडे बोट दाखवलं. बाई हळूहळू त्यांच्या ड्राइव्हवेच्या मध्यापर्यंत आल्या, आई आमच्या कठड्याशी आल्या, आणि रस्त्याच्या दोन टोकांवरून दोघींनी हात हलवले. आई आठ महिने इथे आहेत. या रस्त्यावरच्या कुणीतरी त्यांना त्यांच्या हातच्या कामासाठी पाहिलं, असं काल पहिल्यांदा झालं. आज सकाळी बाईंचा फोन आला, तशी कॉलर मिळेल का म्हणून. आईंनी दोरा काढून ठेवलाय.

दुर्वांकुर, तुम्ही काळजीने लिहिलं होतं. आम्ही मुलांना आत येताच हात-तोंड धुऊन, कपडे बदलून मगच आईंकडे जाऊ दिलं. पुढचे दोन आठवडे आम्ही सगळेच तब्येतींवर लक्ष ठेवू, आई सध्या वेगळ्या ताटात वेगळ्या टेबलावर जेवतात. काही कमी-जास्त झालं तर इथे लपवणार नाही.

---

दुर्वांकुर | १ नोव्हेंबर २०२०

वाचलं. "हू आर यू" पाशी थांबून आईला फोन लावला, ती पुण्यात एकटी आहे. सासूबाईंना नमस्कार सांगा.

---

सातारकर_ओहायो | २ नोव्हेंबर २०२०

दोरी आणि चिमटे फार आवडलं. नळीत शेवटी तीन वेळा किटकॅट अडकलाच. आता दिवाळीला फराळ असाच दोरीवर लावला तर? शेजाऱ्यांना दरवर्षी ताट नेऊन देतो, यंदा कसं करावं कळत नाहीये. घरचं केलेलं लोक घेतील का?

---

रारितानकाठ | २ नोव्हेंबर २०२०

घेतील की नाही ते आधी विचारा, मी परत चिठ्ठ्याच अडकवणार आहे. ज्यांना घरचं नको त्यांना पणती आणि बॅटरीचा दिवा देणार, म्हणजे ते वगळले जाणार नाहीत. ज्यांना चालेल त्यांच्यासाठी फक्त कोरडं: शंकरपाळे, चकली, कडबोळी. लाडू नाही, ते हाताने वळलेले असतात म्हणून लोक संकोचतील. हात धुऊन, मास्क लावून तळायचं, गार झालं की झिपच्या पिशवीत भरून बंद करायचं आणि दोन दिवस आधीच पोर्चवर ठेवून फोन करायचा. प्रत्येक पिशवीवर घटक लिहायचे: मैदा, गहू, तीळ, तूप, शेंगदाणे आहेत की नाहीत. चिवड्यात शेंगदाणे असतात, म्हणून तो वेगळ्या दिवशी वेगळ्या कढईत करा आणि त्याची पिशवी लाल दोऱ्याने बांधा. मास्तरीण बाईंना आई तिखट कमी घालून चकल्या करणार आहेत, त्यांचं प्रमाण हवं असेल तर उद्या लिहिते.